ज्याचा त्याचा सुरुंग

शिवगंगाला घाई होती. कशाची, ते विचारायची सोय नव्हती, कारण प्रश्न पुरता व्हायच्या आत तिचं उत्तर देऊन झालेलं असायचं आणि ती पुढच्या आळीला पोचलेली असायची. लग्नात स्वामींचा मंत्र अर्धाच झाला होता, तेवढ्यात ती नवऱ्याच्या गळ्यात हार घालून मोकळी झाली होती. तिच्या हातची भाकरी एका अंगानं कायम कच्ची असे. नवरा कुरकुर करत नसे. दुसऱ्या अंगानं ती करपलेली असे, तेव्हा सरासरी बरी निघायची.

बहात्तर सालच्या दुष्काळात सास्तूरच्या अलीकडच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं. नवरा बैलं घेऊन छावणीवर गेला आणि शिवगंगा खडी फोडायला गेली. पहिल्याच आठवड्यात तिनं दगडाऐवजी स्वतःचा अंगठा फोडून घेतला. शेजारची बाई म्हणाली, "अगं बाई, बघून तर मार!" शिवगंगा म्हणाली, "बघत बसले तर मारू कवा?"

काम मजूर सहकारी सोसायटीकडं होतं. सोसायटीचे चेअरमन महांतप्पा, म्हणजे गावातले किराणा दुकानदार. उन्हातान्हात काळी छत्री घेऊन बांधावर उभं राहायचं आणि "चला, उरका" म्हणायचं, एवढं काम त्यांनी स्वतःकडं ठेवलं होतं. तालुक्याला कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की जिथं बाया कामावर तिथं बालवाडी पाहिजे. महांतप्पांनी त्याच संध्याकाळी बालवाडी काढली. एक लिंबाचं झाड, एक ताडपत्री, एक पाण्याचा माठ, लेकरांना खायला गोड पिठाच्या सुकडीचं पोतं. आता बाई पाहिजे होती. शिवगंगा चौथी पास होती आणि तिचा अंगठा बांधलेला होता. दोन्ही गोष्टी कामाला आल्या.

लेकरं म्हणजे अडीच-तीन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंतची. सगळ्या जातींच्या घरांतली. घरी त्यांच्यात जो काय भेद असेल नसेल तो लिंबाखाली संपला आणि पहिल्या दिवसापासून सगळी एकमेकांचे केस ओढायला लागली. शिवगंगानं पहिल्याच तासात अख्खी बाराखडी शिकवून टाकली. तासाअखेर तिलाच धाप लागली. लेकरांना काही लागलं नाही.

तोवर ठीक होतं. मग सांडव्याचं काम सुरू झालं. तलाव भरला तर जास्तीचं पाणी बाहेर जायला जी वाट खोदतात, तो सांडवा. पंचक्रोशीत पाण्याचा थेंब नव्हता, पण जास्तीचं पाणी कुठून जाणार याची सोय आधी करायची होती. खाली काळा दगड लागला. म्हणून व्यंकट आला. व्यंकट सुरुंगवाला. दगडाला पहारीनं भोकं पाडायचा, त्यात दारू ठासायचा, दुपारच्या सुट्टीत वाती पेटवायचा आणि शिटी फुंकत पळायचा. बाया भरावाच्या पलीकडं आडोशाला जाऊन बसायच्या. सगळे सुरुंग उडाले की पुन्हा शिटी, आणि बाया टोपली घेऊन खाली सांडव्यात.

पहिल्या दिवशी पहिला सुरुंग उडाला आणि लिंबाखालची झाडून सगळी लेकरं उठून पळाली. ज्याची त्याची आई जिकडं, तिकडं. आया भरावापलीकडं, आणि भरावाला जायची जवळची वाट सांडव्यातून. इरम्माचं धाकटं तर पार कड्यापर्यंत गेलं. व्यंकटनं झडप घालून त्याला बगलेत मारलं आणि दोघं दगडाआड पालथे झाले. वरून दगडाच्या चिपा पडल्या. पोराला काही झालं नाही. व्यंकटच्या पाठीला तीन दिवस लेप लावावा लागला.

त्या संध्याकाळी महांतप्पांनी तोडगा काढला. "दावी आणा," ते म्हणाले.

गावात दाव्यांना तोटा नव्हता. जनावरं छावणीत गेली होती नाहीतर बाजारात, आणि रिकामी दावी घराघरांत खुंट्यांना लटकत होती. दुसऱ्या दिवसापासून दुपारची पहिली शिटी झाली की लेकरांच्या पायाला दावं आणि दावं लिंबाच्या बुंध्याला. बांधायचं काम शिवगंगाचं. आयांनाही ते पटलं. पटणार नाही तर काय, लेकरू जिवंत पाहिजे होतं.

शिवगंगानं दोन दिवस बांधली. हात तिचा भराभर चालायचा, गाठीही पक्क्या बसायच्या. पण सुरुंग उडाला की लेकरं पळायची तशीच पळायची, फक्त दावं संपलं की तोंडावर पडायची. उठून पुन्हा ओढायची. घोट्याला वळ. ती रडत नसत, हे तिला जास्त लागलं. वासरू जसं ओढून ओढून शेवटी मान टाकतं, तशी मान टाकून बसायची. तिसऱ्या दिवशी तिच्यानं गाठ मारवेना. दावं हातात घेऊन ती उभी राहिली आणि भोकाड पसरून रडली. तेही तिनं लवकर उरकलं, आणि तडक महांतप्पांकडं गेली.

"अप्पा, म्या दावी लावणार न्हाय."

"मग लेकरं पळतील."

"न्हाय पळणार. म्या बसवते."

"तू?" महांतप्पा म्हणाले. त्यांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली. "शिवगंगा, तू स्वतः कवा बसलीस?"

हा प्रश्न खोटा नव्हता.  शेवटी ठरलं ते असं. चार दिवस बघायचं. एक जरी लेकरू जागचं हाललं, तर पाचव्या दिवशी दावी. आणि मग दावी कायमची, त्यावर बोलायचं नाही.

घरी ती तणतणत आली. सासरे कल्याणप्पा पूजेला बसले होते. म्हातारा सकाळ-संध्याकाळ गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायचा आणि त्याच्याकडं बघत बसायचा. बघायचं म्हणजे नुसतं बघायचं. तेवढ्या वेळात चहा गार व्हायचा, आणि शिवगंगाचं आणि म्हाताऱ्याचं वैर असलं तर ते एवढ्या चहापुरतंच होतं. त्या दिवशी रागारागात तिच्या हातनं पितळेची घागर सुटली. दगडी उंबऱ्यावर आपटून अंगणभर गडगडली. आळीतली कुत्री भुंकली. कल्याणप्पांची पापणी हालली नाही.

पूजा झाल्यावर तिनं विचारलं, "मामंजी, घागर पडली ती ऐकू आली न्हाय का?"

"आली की," म्हातारा म्हणाला. "ती तिच्या कामाला गेली, म्या माझ्या. चहा कुठाय?"

शिवगंगानं चहा दिला. रात्रभर ती त्या उत्तरावर कुढत राहिली, आणि सकाळी उठून ओढ्यातनं ओटीभर खडे वेचून आणले.

आता लेकरांच्या हातात दगड द्यायचा आणि शांतता मागायची, ही कल्पना किती शहाणपणाची आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. निम्मे खडे एकमेकांच्या अंगावर गेले. दोन तोंडात गेले. एक महांतप्पांच्या टोपीवर. महांतप्पांनी वर बघितलं, लिंबाला लिंबोळ्या नाहीत हे पाहिलं, आणि काही न बोलता दुकानाकडं गेले.

"खडा डाव्या हातावर घ्या. त्याच्याकडं बघा. बघितलं? झालं?" शिवगंगा विचारायची.

"झालं," लेकरं म्हणायची.

"मग आता सुरुंगापर्यंत तेच करा." असं म्हणून ती स्वतः उठून माठ भरायला जायची, सुकडी कालवायला जायची, ताडपत्री ओढायला जायची. लेकरं तिच्याकडं बघायची आणि तिच्यासारखीच उठायची. सुरुंगाला अजून अवकाश होता आणि वर्ग आधीच उधळला होता. शेवटी कंटाळून, काही सुचेना म्हणून, ती मटकन खाली बसली. एक खडा स्वतःच्या तळहातावर घेतला. त्याला मधून पांढरी रेघ होती. रेघ एका बाजूला जाड होती, दुसऱ्या बाजूला बारीक होत होत नाहीशी झाली होती. ती कुठं नाहीशी झाली हे ती शोधत राहिली. मान वर केली तेव्हा सगळी लेकरं आपापल्या हातात तीच रेघ शोधत होती. त्यांच्या खड्यांना रेघ नव्हती, तरी शोधत होती.

सुरुंग उडाला. दोन-तीन लेकरांचं ढुंगण जमिनीवरून उचललं गेलं. पण शिवगंगा बसली होती, म्हणून ती पुन्हा टेकली.  शिवगंगा म्हणाली, "आवाज कुठं चाललाय ऐका बरं."

लेकरांनी कान दिला. आवाज माळावरनं घरंगळत गेला.

"सास्तूरला गेला," एक जण म्हणाला.

"आता तेरला गेला," दुसरा. तेर त्यानं पाहिलं नव्हतं, त्याची मावशी तिथं दिली होती.

"आता संपला," शिवगंगा म्हणाली. तिला सुकडी वाटायची घाई होती.

"अजून हाय," एक पोरगी म्हणाली.

ही कामावरच्या मालनबाईची विशाखा. चार वर्षांची. हिच्याइतकं सावकाश लेकरू शिवगंगानं जन्मात बघितलं नव्हतं. सगळ्यांची सुकडी खाऊन, हात धुऊन, मारामारी सुरू व्हायची तेव्हा विशाखा पहिला घास चावत असायची. हाक मारली तर आधी हाक पुरती ऐकायची, मग वळायची, मग 'व्हय' म्हणायची. शिवगंगाच्या जिवाची नुसती काहिली व्हायची. "संपला गं बाई, संपला," ती म्हणाली. विशाखानं मान हालवली. आणखी थोडा वेळ गेला. मग तिनं स्वतःहून सांगितलं, "आता गेला."

चार दिवस पार पडले. एक लेकरू हाललं नाही. दावी लिंबाच्या फांदीला लटकत राहिली.

पण पाचव्या दिवशी दोन्हीकडून माणसं आली. एकीकडून महांतप्पा, दुसरीकडून मालनबाई. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघं एकदमच बोलायला लागले.

महांतप्पांचं म्हणणं असं, की डाव्या तळहातावर दगड घेऊन टक लावून बसायचं म्हणजे काय ते त्यांना चांगलं कळतं. ते स्वतः रोज सकाळी तेच करतात. पण त्याला दीक्षा लागते, गुरू लागतो. ओढ्यातले खडे आणि नाक गळणारी लेकरं घेऊन हे करायचं म्हणजे लिंगाची थट्टा आहे.

मालनबाईचं म्हणणं असं, की थट्टा नाही तेच तर वाईट आहे. "आमी देवदेव सोडून सोळा वर्षं झाली, शिवगंगाबाई. माझ्या सासऱ्यानं बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, नागपूरला जाऊन. अन् माझी पोरगी घरी येऊन डाव्या हातात दगड धरून बसायलीय. जेवायचं सोडून बसायलीय. हे काय चालवलंय?"

"अगं, ती जेवायला तसाबी वेळच लावती," शिवगंगा म्हणाली. हे बोलायला नको होतं.

भांडण कल्याणप्पांच्या अंगणात गेलं. म्हाताऱ्यानं दोघांचं ऐकून घेतलं, खडा हातात घेऊन उलटासुलटा केला. "दगड हाय," तो म्हणाला. यावर कुणाचाच आक्षेप नव्हता, पण कुणाचं समाधानही झालं नाही.

"उजव्या हातात धरू द्या," शेवटी महांतप्पा म्हणाले. "उजव्या हातात धरला तर त्यात धर्म येत न्हाय."

"तेवढ्यानं भागत न्हाय," मालनबाई म्हणाली. ती नेमकी बाई होती. "तुमचं लिंग तुमी भुईवर ठेवता का, अप्पा?"

"शिव शिव! मरेस्तोवर न्हाय."

"मग हे खडे भुईवर ठेवले पायजेत. रोज. सगळ्यांच्या देखत. म्हंजे पूजा न्हाय हे दिसंल."

महांतप्पांना हे एकदम पटलं. भुईवर ठेवलेला दगड लिंग असूच शकत नाही. मालनबाईलाही पटलं. भुईवर ठेवलेल्या दगडाची पूजा कुणी करत नाही, असं तिचं मत. माळावरचा प्रत्येक शेंदूर लावलेला दगड भुईवरच होता, पण ते त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तर खडा भुईवर ठेवायचा, हे ठरलं. कधी ठेवायचा, ते शिवगंगावर सोडलं. आणि त्यातून पुढचं निघालं.

ठेवायला काहीतरी निमित्त पाहिजे, नाहीतर लेकरं ठेवतात आणि उचलतात आणि फेकतात. म्हणून तिनं सुरुंग वाटून दिले. वाती पेटवायच्या आधी व्यंकट लिंबाकडं तोंड करून ओरडायचा, "अक्का, आज सात!" की सात लेकरं पुढच्या ओळीत. पहिला सुरुंग पहिल्याचा, दुसरा दुसऱ्याचा. आपला सुरुंग वाजला की आपला खडा भुईवर ठेवायचा. हळू. आवाज न करता. मागच्या ओळीनं नुसतं ऐकायचं, त्यांची पाळी उद्या. ज्या सुरुंगाला भिऊन लेकरं पळत होती तो आता ज्याचा त्याचा झाला. "माझा मोठा वाजला," "तुझा फुसका," अशी भांडणं व्हायला लागली. इरम्माचं धाकटं, जे कड्यापर्यंत पळालं होतं, ते घरी जाऊन सांगायचं की आज आपण सुरुंग उडवला.

विशाखा ओळीत कायम शेवटची. ओळ करेपर्यंत ती पोचायचीच नाही. त्यामुळं तिची पाळी आली की शेवटचा सुरुंग तिचा.

एवढं सगळं होऊन शिवगंगाची घाई गेली का? नाही. लिंबाखालनं उठली की ती पुन्हा तशीच सुटायची. फक्त दुपारचा तेवढा वेळ ती बसायची, कारण ती बसली नाही तर लेकरं बसत नाहीत. आणि लेकरं बसली नाहीत तर वर फांदीला दावी होतीच. महांतप्पांनी ती काढू दिली नव्हती. "असू दे," ते म्हणायचे, "खात न्हायत, पीत न्हायत."

मार्चातली गोष्ट. त्या दिवशी तालुक्याची जीप येणार होती. काम बघायला, बालवाडी बघायला. महांतप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि सकाळपासून "चला, उरका" चालू होतं. सांडवा जीप यायच्या आत साफ झालेला पाहिजे होता, दगड उचललेला पाहिजे होता. व्यंकटला तर त्यांनी खायलाही बसू दिलं नाही.

"अक्का, आज सात!" व्यंकट ओरडला.

सात लेकरं पुढं बसली. शेवटी विशाखा. शिवगंगानं खडे दिले आणि स्वतः बसली.

पहिला वाजला, एक खडा भुईवर. दुसरा. तिसरा आणि चौथा लागोपाठ, पण दोघांनी न भांडता आपापले ठेवले. पाचवा. मग सहावा, तो जरा मोठा होता, लिंबाची पानं थरथरली. सहावा खडा भुईवर गेला.

मग काही नाही.

धूर वर आला. खाली महांतप्पांची छत्री हालायला लागली. "झालं का रं?" व्यंकट भरावाआडनं डोकावला. "झालं, अप्पा. शेवटचे दोन जोडीनं उडाले. दणका मोठा होता." आणि त्यानं शिटी फुंकली. बाया उठल्या. टोपली घेऊन खाली निघाल्या. मालनबाई सगळ्यांत पुढं.

लेकरं पाणी प्यायला उठली. विशाखा उठली नाही. तळहातावर खडा तसाच.

"ऊठ गं," शिवगंगा म्हणाली. "ठेव तो खाली. जीप यायचीय."

विशाखानं आधी ते पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा अजून वाजला न्हाय."

"वाजला. दोन जोडीनं वाजले."

"न्हाय वाजले."

आता शिवगंगाच्या जागी कुणीही असतं तर त्यानं काय केलं असतं? पोरगी मुलखाची सावकाश. सुरुंगवाला वाकबगार. शिटी झालेली. जीप वाटेवर. शिवगंगाचा हात पोरीच्या दंडाला धरून ओढायला पुढं गेलाही. आणि मध्येच थांबला. सहावा सुरुंग झाला तेव्हा ती स्वतः इथं बसली होती. तिनंही ऐकलं होतं. आवाज मोठा होता. पण एक होता. एकच सास्तूरकडं गेला होता.

 ती उभी राहून ओरडली, "व्यंकट! एक राहिलाय! बायांनो, माघारी फिरा!"

कुणी वर बघितलं नाही. शिवगंगा ओरडते हे गावाला नवीन नव्हतं. ती सूर्य उगवायच्या आधी उजाडलं म्हणून ओरडणारी बाई. खालनं कुणीतरी हात हालवला, "व्हय व्हय" अशा अर्थाचा. मालनबाई सांडव्याच्या तोंडाशी पोचली होती. खाली धावत जाऊन सांगावं तर तेवढ्यात त्या सगळ्या दगडापाशी पोचणार, आणि आपल्यामागं लेकरं पळणार, ती वेगळीच.

मग शिवगंगाच्या तोंडातनं जे निघालं ते तिनं विचार करून काढलं नव्हतं. तिनं आयुष्यात काहीच विचार करून काढलं नव्हतं.

"ए मालनबाई!" ती कमरेवर हात ठेवून किंचाळली. "तुझी पोरगी मंद हाय! ठार मंद! अन् ती तुझ्यावरच गेलीय!"

 मालनबाई वळली. तिनं टोपलं जिथल्या तिथं खाली ठेवलं. पदर खोचला.

"काय म्हणालीस?"

"मंद म्हणाले! ये की वर, पुन्हा म्हणते!"

मालनबाई वर निघाली. आणि तिच्यामागं सगळ्या बाया निघाल्या. धोका आहे म्हटल्यावर एक हालली नव्हती, भांडण आहे म्हटल्यावर एक मागं राहिली नाही. इरम्मा तर टोपलं डोक्यावर घेऊनच आली, ठेवायला वेळ घालवला नाही. भांडण सोडवायला व्यंकट आला. बालवाडी सोसायटीची, आणि तोंडावर जीप, म्हणून छत्री सावरत महांतप्पाही धावले. सांडवा मोकळा झाला.

"माझ्या पोरीला मंद म्हणतीस?" मालनबाई लिंबाखाली पोचली होती, तिचा आवाज रागानं फाटला होता. "तू? तुझ्या घरात भाकरी भाजायला जमत न्हाय तुला, अन् तू माझी पोरगी..."

सातवा उडाला.

आजवरचा सगळ्यांत मोठा. पायाखालची भुई हालली. सांडव्याचा अख्खा कडा वर आला, पसरला आणि दाणदाण खाली आला. माठ फुटला. बाया खाली बसल्या. व्यंकट डोकं धरून पालथा झाला. महांतप्पांची छत्री उलटी झाली, आणि ती तशीच धरून ते उभे राहिले.

लेकरांपैकी मात्र कुणीही पळालं नव्हतं.

विशाखानं वाकून आपला खडा भुईवर ठेवला. हळू. आवाज न करता.

मालनबाईनं खाली बघितलं. जिथं तिनं टोपलं ठेवलं होतं तिथं एक धोंडा होता. टोपलं कुठं दिसत नव्हतं.  ती पोरीच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिला ओढून मांडीवर घ्यायला लागली.

"थांब," विशाखा म्हणाली. "अजून हाय."

आवाज माळावरनं चालला होता. पोरीनं बोट वर केलं होतं, म्हणून मालनबाई थांबली. मग इरम्मा थांबली, डोक्यावर टोपलं तसंच. व्यंकट पालथा होता तो तसाच राहिला, फक्त तोंड फिरवून ऐकायला लागला. आवाज सास्तूरला गेला. मग तेरला. मग कुठं गेला ते कुणी सांगू शकलं असतं तर ती एकटी पोरगी. शिवगंगाच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

नेमकी तेव्हाच जीप आली. साहेब उतरले. त्यांनी बघितलं, की भर कामाच्या वेळी अख्खं काम एका झाडाखाली जमलंय, बाया बसल्यात, सुरुंगवाला आडवा पडलाय, चेअरमन उलटी छत्री धरून उभा आहे, आणि कुणी चकार शब्द बोलत नाही.

"काय चाललंय हे?" साहेब म्हणाले.

"शू," महांतप्पा म्हणाले. "ऐकायलाव."

साहेबांनीही मग थोडा वेळ ऐकलं. त्यांना काही ऐकू आलं नाही, पण तसं कबूल करायची त्यांची तयारी नव्हती.

"आता गेला," विशाखा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीचा नियम झाला. शिटी फुंकायच्या आधी व्यंकटनं लिंबाखाली यायचं आणि पुढच्या ओळीला विचारायचं. सगळे खडे भुईवर असतील तरच शिटी. व्यंकट वाकबगार माणूस होता, चार जिल्ह्यांत सुरुंग उडवून आलेला. तो निमूट यायचा, ओळीपुढं उकिडवा बसायचा आणि विचारायचा, "वाजला का सगळ्यांचा?" दावी महांतप्पांनी स्वतः फांदीवरनं काढली. छत्रीच्या टोकानं काढता काढता त्यांना बराच वेळ लागला, आणि कुणी "उरका" म्हणालं नाही.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी काम सुटल्यावर माळावरनं गावाकडं तिघी चालल्या होत्या. विशाखाचा एक हात आईच्या हातात, एक शिवगंगाच्या. पोरगी वाटेतल्या प्रत्येक दगडाशी थांबत होती. बाकीची माणसं केव्हाच पुढं गेली होती. कुणाला घाई नव्हती.  मालनबाई म्हणाली, "शिवगंगाबाई, दुपारी ते पोरगी कुणावर गेलीय म्हणालात?"

शिवगंगानं उत्तर द्यायला वेळ घेतला. आधी प्रश्न पुरता ऐकला, मग मान वळवली.

"तुमच्यावर," ती म्हणाली.

"मग ठीक हाय," मालनबाई म्हणाली, आणि विशाखा पुढच्या दगडापाशी थांबली तेव्हा दोघीही थांबल्या.